जागेवरचा हिशेब

शके १८५३, वैशाख
आखितीच्या दुसऱ्या दिवशी

सहदेव यास,

आजीनं नातवाला पत्रात आधी आशीर्वाद लिहायची रीत हाय, म्हणून लिहिला. पोचला का नाय ते मी विचारणार नाय.

दोन वर्षं तू मला कागद धाडला नाय, मी तुला धाडला नाय. मी तुझ्या लग्नाला आले नाय याचा राग तू धरून बसलास. बस. गजाशेट ठेकेदाराच्या मांडवात मी जेवणार नाय असं तेव्हा बोलले होते, आजही तेच बोलते. तुझा सासरा असेल तर तुझा. माझा कोण तो?

पण आता काम पडलंय म्हणून लिहिते. पल्याड चौक गावच्या बाजाराला गेले होते. नवशा वाण्याच्या दुकानात पेपर वाचणं चालू होतं. सरकारनं म्हणे नवीन खातं काढलंय. लोकल बोर्डांनी लोकांचा पैसा कुठं घातला, कसा घातला, ते तपासणारं खातं. खर्च करणारे वेगळे नि तपासणारे वेगळे. आजवर बोर्डाचा कारकून लिहायचा नि बोर्डाचाच दुसरा कारकून बरोबर म्हणायचा. सुनेनं रांधलेलं सुनेनंच चाखायचं नि छान झालंय म्हणायचं, तशातली गत. मी म्हटलं, चला, सरकारला कधी नाय ती अक्कल आली. तर नवशा म्हणतो, "आजे, तुझा सहदेवच हाय की त्या खात्यात, पुण्याला. तुला ठावं नाय?"

मी म्हटलं, ठावं हाय. मला ठावं नव्हतं.

तर आता ऐक. आपल्या ओढ्यावर बोर्डानं साकव मंजूर केला. तू गेलास त्याच साली. दोन्ही काठांना दगडी पाये, वर सागाच्या फळ्या, धरायला कठडा. ठेका कुणाला मिळाला ते तुला सांगायला नको. अलीकडच्या काठाला पाया झाला, तोही कमरेएवढा. पल्याडच्या काठाला काय नाय. फळ्या तर कुणी डोळ्यांनी बघितल्या नायत. आणि कचेरीत लिहिलंय की साकव झाला, पैसा फिटला. तुझा काका लडकू स्वतः विचारून आला. कारकून त्याला म्हणाला, "अरे, तुमचा साकव गेल्या सालीच झाला, आता दुसरा कशाला पाहिजे?"

पूर्वी गाव आपला आपण साकव बांधायचा, दर साली, ऐनाची लाकडं नि बांबू घालून. बोर्डाचा पक्का होणार म्हणून गावानं तो सोडला. आता फॉरेस्टवाला एक फांदी तोडू देत नाय. म्हणजे आमचाही गेला आणि बोर्डाचाही नाय.

गेल्या श्रावणात तुझी काकी कोंडी बाळंतपणात अडली. तिला डोलीत घालून लडकू नि चौघं ओढ्यावर गेले. पल्याड चौकचा रस्ता, रस्त्याला दवाखाना, इकडं हे पाणी. दिवसभर डोली काठावर ठेवून बसले. पाणी उतरलं तेव्हा डोली परत घरी आणली. हे तुला कुणी कळवलं असेल. मी कळवलं नाय.

आता तुझी बहीण मैना पहिलटकरीण हाय. भादव्यात दिवस भरतील. माहेरी आणणं भागच हाय, तिच्या सासरी तिला बघायला एक बाईमाणूस नाय. तर पाऊस लागायच्या आत तुझ्या साहेबाला आण आणि तो ओढा दाखव. एवढंच काम. तुझं घर, तुझी बायको, तुझा सासरा, मला काय करायचं नाय त्याच्याशी.

सोनाबाई


ज्येष्ठ, वटपुनव झाल्यावर

सहदेव,

तुझा कागद आला. अक्षर चांगलं हाय. आत काय नाय.

तू लिहितोस, "खात्याचे काम मंजुरी व पावत्या ताडून पाहणे इतकेच असून प्रत्यक्ष कामाची जागा पाहणे सामान्यतः खात्याच्या कक्षेत येत नाही." हे मी मैनेकडून दोनदा वाचवून घेतलं. मला वाटलं मीच चुकीचं वाचलं. मी काय शाळेत गेलेली बाई नाय. तू पाटीवर गिरवायचास तेव्हा मी चुलीपुढं राखेत गिरवलं, तेवढंच माझं शिक्षण. पण बरोबरच वाचलं होतं.

म्हणजे साहेब कचेरीत बसणार. गजाशेट पावती देणार की फळ्या घेतल्या. साहेब बघणार पावतीवर तिकीट हाय का, सही हाय का. हाय? मग फळ्या हायत. अरे, मग माझ्या शेजारणीनं पण पावती लिहून द्यावी की तिला चार पोरगे झाले!

तू गावातच वाढलास ना रं? का पुण्याच्या पाण्यानं धुऊन गेलं सगळं? गावदेवीच्या पैशाचा हिशेब आपल्याकडं कुठं होतो? शिमग्यानंतर, जागेवर. ज्यानं जे काम केलं त्यानं त्या कामावर उभं राहून सांगायचं. विहिरीचा दोर आणला तर दोर धरून सांग. दीपमाळेला चुना लावला तर पाठ तिला घासून दाखव. लडकूनं देवळाची कौलं चाळली होती त्या साली, आठवतं का? त्याला धुवट कपडे घालून कौलांखाली बसवला नि चांगो पाटलाच्या पोरांनी वर चढून घागरी ओतल्या. लडकू खालून हिशेब सांगतोय नि त्याच्या टोपीवर टप टप. सगळी बाया-माणसं हसतायत. तू पण हसत होतास, माझ्या मांडीला टेकून. दुसऱ्या दिवशी लडकूनं परत कौलं चाळली, कुणी सांगितलं नाय तरी.

तपासणं त्याला म्हणतात. तुमी करता त्याला काय म्हणतात ते तुमचं तुमाला ठाऊक.

आता खाली तू बारीक अक्षरात लिहिलंस की तक्रारीचा अर्ज आला तर साहेब कधी कधी जागा बघायला निघतात. ते वर मोठ्या अक्षरात लिहायला हात दुखत होता काय? अर्ज मी लिहिला. गावाचे अंगठे घेतले. चांगो पाटील आधी देत नव्हता. गेल्या साली जंगलाच्या भानगडीत पोलीस येऊन गावाला झोडपून गेले, तेव्हापासून सरकारचा कागद म्हटलं की त्याला घाम फुटतो. मी म्हटलं, पाटला, अंगठा दे, नायतर भादव्यात मैनेची डोली तू एकट्यानं उचल. मग दिला.

अर्ज टपालात टाकलाय. तुझ्याच टेबलावर येईल. त्यात गजाशेटचं नाव हाय. ते वाचून तुला काय वाटतं ते मला कळवू नको, पण अर्ज खाली पाडू नको.

मैना आली हाय. तू कधी येणार असं विचारते. मी विचारत नाय.

सोनाबाई


निज आषाढ, दिव्यांच्या अमुशेआधी

सहदेव,

हे घाईनं लिहिते, टपालवाला चौकला निघालाय.

साहेब येणार अशी वर्दी आली. नागपंचमी झाल्यावर. धोंड्याचा महिना मध्ये आला नि सगळं लांबलं, पावसाआधी आण म्हटलं होतं ते राहिलंच. ठीक. भर पाण्यात आला तर आणखीच बरं, ओढा त्याला दिसेल.

पण इथं काय चाललंय ते ऐक. चांगो पाटलानं दवंडी पिटवली, घरटी एक माणूस ओढ्यावर. कशाला? तर साहेबासाठी साकव बांधायचा!

मी काठी टेकीत ओढ्यावर गेले. अख्खा गाव पाण्यात उभा. एरवी वाळकी फांदी नेली तर दंड करणारा फॉरेस्टवाला स्वतः ऐनाची झाडं दाखवतोय, हा तोडा, तो तोडा, साहेबाचं काम हाय. मी म्हटलं, अरे मेल्यांनो, साहेब काय बघायला येतोय?

चांगो पाटील म्हणतो, "आजे, तो पल्याड आला नि गाव अल्याड, मग त्याला आणायचा कसा? खांद्यावर?"

"आणू नको. उभा राहू दे तिथंच. साकव नाय हेच त्याला दाखवायचंय."

"आणि गावाची शोभा? सरकारी माणूस दारात आला नि आमी त्याला आत घेतला नाय, उद्या काय म्हणतील?"

तुझा काका लडकू, ज्याची बायको या काठावर गेली, तो कमरेएवढ्या पाण्यातनं मला शिकवतो, "आये, आधी त्याला आत तर येऊ दे. चावडीत बसंल, दोन घास खाईल, मग सगळं सांगू बैजवार. दारात उभं करून कुणी गाऱ्हाणं सांगतं का?"

आणि हे सगळं कमी होतं म्हणून तुझ्या सासऱ्यानं फळ्यांची गाडी धाडली. सागाच्या, चांगल्या रंधा मारलेल्या. वर ताडीचे दोन हंडे. फुकट! गाव म्हणतो, बघ आजे, माणूस सुधारला. मी म्हटलं, बोका दुधाला राखण बसला नि तुमी त्याला वाटी देताय.

कुणी ऐकत नाय. तू ऐक. साहेबाला वाटेतच सांग की साकव दिसेल तो या आठवड्यातला हाय, गावानं बांधलेला. हे पत्र त्याच्या आधी तुझ्या हाती पडेल असं टपालवाला म्हणाला.

सोनाबाई


श्रावण, नारळी पुनवेच्या आत

सहदेव,

पत्र तुला मिळालं होतं. तुझ्या तोंडावर दिसत होतं.

तू साहेबाबरोबर आलास ते मला ठाऊक नव्हतं. पल्याडच्या काठावर मोटारीतनं आधी साहेब उतरला, मग गजाशेट, मग दप्तर काखेत घेऊन तू. जाड झालायस. मैना डोळ्याला पदर लावून माझ्याजवळ उभी होती, तिच्याकडं तरी बघायचं होतंस.

आता जे झालं ते मी लिहिते, कारण तुमच्या दप्तरात ते दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेलं असणार.

साकवाला आंब्याचं तोरण लावलेलं. पल्याडचा पाया म्हणून सुके दगड रचून वर चिखल लिंपलेला, त्यावर चुना. लांबून बघणाऱ्याला देवळाचं जोतं वाटावं. साहेब गोरा नव्हता, आपल्यासारखाच होता, फक्त बूट घातलेला. साकवाच्या मधोमध आला. कठडा हलवला, बूट आपटला. म्हणाला, "चांगला भक्कम आहे की. कोणी बांधला?"

आणि अख्खा गाव, छाती काढून, एका आवाजात, "आमी, सायेब!"

साहेब गजाशेटकडं वळला. "गावचेच मजूर लावलेत?"

गजाशेट म्हणाला, "होय साहेब. म्हटलं गरिबाला काम मिळेल."

झालं. साहेबानं मान हलवली, हातातल्या कागदावर काय ते टिपलं, आणि वळला. वळला रे! गावात आलाच नाय. चावडीत चटई घातलेली, चांगो पाटलानं कोंबडा कापलेला, वडे तळून तयार, आणि सगळं बैजवार सांगायला लडकू नवीन धोतर नेसून साकवाच्या तोंडाशी उभा. साकव बघायला आला होता, साकव बघितला, चालला.

तेव्हा मी पुढं झाले. फळीवर पाय टाकून ओरडले, "साहेब, लाकडाला हात लावून बघा! चीक अजून वाळला नाय! हा परवाचा हाय! बोर्डाच्या पैशाचा नाय, आमच्या घामाचा हाय!" पाण्याचा आवाज मोठा. साहेबाला माझं तोंड हलताना दिसलं, ऐकू गेलं नाय. त्यानं तुला विचारलं. मला तुझंही ऐकू आलं नाय. पण लडकू कठड्याशी होता, त्याला आलं, आणि त्यानं घरी येऊन सांगितलं.

साहेब म्हणाला, "काय म्हणते ती म्हातारी?"

तू म्हणालास, "आशीर्वाद देते साहेब."

सहदेव, मी आयुष्यात कुणाला फुकट आशीर्वाद दिला नाय. तुला तर ठाऊक हाय.

माणसं लबाडी करतात ते मला नवीन नाय. गजाशेट चोरी करतो, ते त्याचं पोट हाय. गाव गाढव हाय, ते त्याचं नशीब. ज्याच्यावर गाऱ्हाणं त्याच्याच फळ्या, त्याचीच ताडी पिऊन त्याचाच खोटा साकव खरा करून दिला, आणि वर तोरण बांधलं. अशी गाढवं कुठल्या बाजारात मिळायची नायत. पण सरकारनं तुला तपासायला नेमला. बघितलेलं सांगायचा पगार तुला मिळतो. तू बघितलंस नि सांगितलं नायस. मग या खात्यात नि आधीच्या कारकुनात फरक काय? नवीन टेबल?

चांगो पाटलाचा कोंबडा आमीच खाल्ला. गाव अजून म्हणतो, साहेब खूश होऊन गेला. मैना जेवली नाय.

सोनाबाई


भादवा, गौरी गेल्यावर

सहदेव,

साकव गेला. गणपतीच्या आधी दोन दिवस रात्रंदिवस झोडपलं, तेव्हा पल्याडचा चुना लावलेला पाया आधी बसला नि मग सगळं वाहून गेलं. फळ्या खाली कुणाच्या तरी शेतात अडकल्या होत्या. गजाशेटची माणसं येऊन घेऊन गेली, सगळ्या, मोजून. म्हणाली, शेटनं उसन्या दिल्या होत्या.

तेव्हा कुठं गावाच्या टाळक्यात उजेड पडला. चांगो पाटील माझ्या ओटीवर येऊन बसला. म्हणाला, "आजे, फसलो." मी म्हटलं, फसला नाय, फसवलंत. आता वर जाऊन सांग तसं. तर म्हणतो, "कसं सांगू? आमीच साहेबासमोर बांधला म्हणालो. आता नाय म्हणालो तर सरकारला फसवलं म्हणून माझी पाटीलकी जाईल, गावावर दंड बसेल." आता बोल. चोरी त्याची नि तोंड यांचं बंद.

तुझं पत्र चौकहून लडकूनं आणलं, डोक्याला बांधून, पोहत. या वेळी तुझं अक्षर चांगलं नाय. तीन ठिकाणी खोडलंय. बरं वाटलं.

तू लिहितोस की शेरा अजून पक्का झाला नाय, हिशेब पुरा व्हायचाय. गावातल्या कुणी सहीनिशी लिहून दिलं की साकव तपासणीसाठी बांधला होता, तर तू ते साहेबासमोर ठेवशील, आणि "माझा सासरा असला तरी ठेवीन" असं लिहितोस. "असला तरी" खाली रेघ मारलीस. रेघ मारून काय माणूस मोठा होत नाय, ठेव म्हणजे झालं. आणि बायको माहेरी निघून गेली, जेवण खानावळीत चालतं, हे शेवटी कोपऱ्यात लिहिलंस. मी तिच्या बाजूनं नाय नि तुझ्या बाजूनं नाय. पण तिचा बाप चोर हाय यात तिची चूक काय? आणायला जा. साहेबासमोर कागद ठेवून मग जा.

कागद सोबत धाडलाय. मी लिहिलाय. पायाखाली काय होतं, वर काय होतं, लाकूड कुठल्या आठवड्यात तोडलं, कुणी दाखवलं, फळ्या कुणाच्या, सगळं. तोरणही लिहिलंय, लाज वाटली तरी. गावानं अंगठा दिला नाय. चांगो पाटील म्हणाला, "आजे, हा कागद गेला तर गावकीत तुला पाणी कुणी देणार नाय." मी म्हटलं, पाणी तुमी काय देणार, ओढा पुष्कळ देतोय. सही माझी एकटीची होती. कागद घडी करत होते, तेव्हा लडकू आला. शाईत अंगठा बुडवून माझ्या सहीखाली दाबला. त्याचा अंगठा खरबडीत, नीट उठला नाय, पण त्याचाच हाय.

मैनेचे दिवस भरत आलेत. पाणी अजून छातीला लागतं, दुपारनंतर त्याहून वर. वरच्या ठाकरवाडीची सोमी सुईण याच काठाला हाय, तिला सांगून ठेवलंय. ती म्हणते, मूल आडवं नसलं तर काळजी नको. असलं तर काय, ते ती बोलली नाय नि मी विचारलं नाय.

आता साहेब परत यायचा असला तर येऊ दे. पण या वेळी वर्दी देऊ नको. पूर कळवून येत नाय, बाळंतपण कळवून येत नाय, तुमचं खातंच तेवढं दवंडी पिटून येतं आणि म्हणतं, जसं हाय तसं दाखवा. गावाला कळलं की गाव पुन्हा लाकडं तोडील. त्यांच्या हाडात हाय ते, मला काढता येत नाय.

न सांगता या. पल्याड उतरा. काठाला दोर बांधलेला दिसेल, तोच आमचा साकव. साहेबाला सांग, बूट काढावे लागतील, आणि दप्तर डोक्याला बांधावं लागेल. दोर धरायला दोन्ही हात मोकळे पाहिजेत.

सोनाबाई